दुनळीतला दोन सुताचा फरक

कप पहिले खाली ठेवा, मंग आयका. मागच्या वेळी हा किस्सा सांगतानी माझ्या साडूच्या नाकातून चहा निघाला होता, अन् बायको त्याचं अजून मलेच बोलते! मूर्खपणा मी आयुष्यात कमी नाई केला जी. पण हवालदार मामाच्या बंदुकीवर जो केला, तसा पुन्हा जमला नाई.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तेव्हाची गोष्ट. मी भंडाऱ्याकडून आलेला नवा फिटर. एकदा मी एक शाफ्ट असा सरळ बसवला, का रशियन साहेबानं पाठ थोपटली अन् दुभाष्याकडून सांगितलं, "हात चांगला आहे." झालं! त्या दिवसापासून मले जगात सगळंच वाकडं दिसाले लागलं. खाटेचे पाय मोजले, दाराची चौकट मोजली. बायकोची पोळी बी कॅलिपरनं मोजली. एकदाच मोजली हो, दुसऱ्यांदा मोजाले पोळीच भेटली नाई.

आता हवालदार मामा कोण? माझ्या बायकोचे सख्खे मामा. फौजेतून पेन्शनीत निघाले अन् मरोद्याजवळ एका ठेकेदाराच्या सिमेंट-सळाखीच्या गोदामावर चौकीदार लागले. ही नोकरी त्याईले बंदुकीमुळं भेटली होती. ठेकेदाराचं म्हणणं साफ होतं: बंदूक नाई तं चौकीदार नाई.

बंदूक दुनळी. दिसाले एकदम विलायती, पण असली नाई बरं! कोण्या देशी कारागिरानं विलायती बंदूक समोर ठेवून तशीच्या तशी केलेली नक्कल. तिच्या दोन नळ्याइच्या मधात वर एक अन् खाली एक लांब पट्टी होती, कथलानं चिकटवलेली. वरची तोंडाकडून सुटली. बंदूक हलवली का खुळखुळ वाजे. अन् पुढच्या सोमवारी ठाण्यात लायसनसाठी बंदुकीची तपासणी! बंदूक नापास झाली तं लायसन अडकन, लायसन अडकलं तं नोकरी जाईन. घरात तीन पोरी शाळेत जाणाऱ्या. मामाजीची झोप उडाली होती.

"जवाईबापू, एक टाका मारून द्या ना जी," मामाजी म्हणे. "पट्टी चिकटली का झालं."

एवढंच काम होतं. दहा मिनिटाचं! चहा पिऊन टाका मारला असता, तं आज तुमाले सांगाले माझ्याजवळ काहीच नसतं.

पण मी कॅलिपर घेऊन गेलो ना!

रविवारी मामाजीच्या अंगणात बसलो. मामी चुलीजवळ, मामाजी समोर पाटावर. मी नळ्या मागून मोजल्या, समोरून मोजल्या. पुन्हा मोजल्या. मंग मामाजीकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर घरच्या माणसाईकडं पाहते.

"मामाजी, तुमची फसवणूक झाली."

"काय झालं जी?"

"ह्या नळ्या पॅरलल नाईत! मागून दूर हायेत, समोर येता येता जवळ आल्या. दोन सुताचा, म्हणजे पाव इंचाचा फरक! नक्कल करणारा चुकला. दोन रूळ असे टाकले तं गाडी पडन का नाई?"

मामाजी घाबरले. "पण आतालोक तं बरोबर चालत होती..."

"नशीब समजा!"

मामीनं चुलीजवळूनच म्हटलं, "जवाईबापू, तुमी टाकाच मारा ना जी. बाकीचं राहू द्या."

"मामी, हे मशीनचं काम हाये."

आता तुमी म्हणान, मामाजीनं अडवलं कावून नाई? अहो, जवाई होतो ना मी! आमच्याकडं जवायाले 'तुमचं चुकून राहिलं' असं म्हणाची सोय कुठं हाये? फौजेत उभी हयात काढलेला माणूस, पण जवायापुढं गप. मामाजीनं मान हलवली अन् ब्लोलॅम्प पेटवाले मले काडेपेटी देली.

मी नळी तापवली. वाटलं, जरासं कथील ढिलं होईन, नळ्या सरकवू. पण कथील असं वाहाले लागलं का थांबेच ना! वरची पट्टी पडली. खालची पडली. मागचा जोड तेवढा पक्का होता, तो राहिला. समोरून दोन्ही नळ्या मोकळ्या, अन् मामाजीचा चेहरा पांढराफट्ट.

"असंच असते," मी म्हटलं. मागं हटाचं नाई, असं ठरवलंच होतं. मधात पॅकिंग ठोकली, नळ्या समोरून पसरवल्या, शिकंज्यात कसल्या. मोजलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा मोजलं. जेवण आलं, थंड झालं, परत गेलं. चार तासानं मागून अन् समोरून एकच माप! मंग पट्ट्या बसवून असा टाका मारला, का हलवा, आपटा, आवाज नाई.

"घ्या मामाजी! आता विलायतवाल्यानं बी पाहावं."

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर (तपासणीले अजून पुरा आठवडा होता) कोहक्याकडच्या पडीत शेतात गेलो चाचणी घ्याले. मामी बी आली, तिले घरी चैन पडून राहिलं नव्हतं. दोन मटके नेले होते, त्यातला एक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवला. मामाजीनं नेम धरला. धडाम! मटक्याच्या उजवीकडची माती उडाली. दुसरी नळी. धडाम! डावीकडची माती उडाली. मटका मधात जसाच्या तसा.

"मामाजी, नेम हुकला तुमचा," मी म्हटलं.

विचार करा! ज्या माणसानं उभी जिंदगी बंदूक चालवली, त्याले मी हे म्हटलं. मामाजीनं पुन्हा दोन काडतुसं भरली. पुन्हा एक उजवीकडं, एक डावीकडं.

पण मी कुठं हार मानतो? जिथं जिथं माती उडाली होती, तिथं मोजून दोन मटके ठेवले. "आता मारा!"

धडाम, धडाम! दोन्ही मटके फुटले!

"पाहिलं?" मी नाचलोच. "दोन्ही नळ्या बरोबर!"

मामीनं पदर खोचला. "हो जी, बरोबर. म्हणजे चोर जोडीनं आले, अन् दोघाईच्या मधात एवढी जागा सोडून उभे राहिले, तं आमचं गोदाम वाचलं. एकटा आला तं काय करावं?"

मामाजी धुऱ्यावर बसले, बंदूक मांडीवर घेऊन. रिकामी काडतुसं एकेक करून खिशात टाकाले लागले. शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं. तेव्हा पहिल्यांदा मले लाज वाटली, अन् भेव बी. एका माणसाची नोकरी मी माझ्या हातानं पसरवून ठेवली होती.

मंगळवारी सुट्टी टाकली अन् मामाजीसंग पॅसेंजरनं रायपूर गाठलं. तिथं बंदुकी दुरुस्त करणारा एक म्हातारा उस्ताद होता. त्यानं दुनळी उचलली, समोरून पाहिली, मंग चष्मा काढून पुन्हा पाहिली.

"किसने किया ये?"

आता खरं सांगाले पाह्यजे होतं ना? पण तोंडातून निघालं, "कारखाने में एक फिटर है जी. उसने किया."

मामाजीनं माझ्याकडं पाहिलं अन् पटकन खाली पाहिलं.

"गधा है!" उस्ताद कडाडला. "अरे, दोनाली की नालें आगे जाकर पास आती ही हैं, जानबूझकर! एक तरफ की नाल दागो तो झटका बंदूक को उसी तरफ घुमाता है। इसलिए एक-दूसरे की ओर झुकाकर जोड़ते हैं। जिसने ये नकल बनाई थी, उसने एकदम सही बनाई थी!"

"मी बी त्याले हेच म्हटलं होतं," मी म्हटलं.

"शनिवार को ले जाना। पहले जैसी मिलेगी।"

(मिळाली बी. सोमवारी ठाण्यात पास झाली, नोकरी वाचली. हे आताच सांगून टाकतो, नाईतं तुमचा जीव तिकडंच अडकून राहीन.)

मी सुटलो म्हणून उठतच होतो, तेवढ्यात उस्तादानं बंदूक उलटी केली. आता आमच्या शॉपात रिवाज असा, का काम मनासारखं झालं, का फिटरनं त्यावर आपला नंबर पंचानं ठोकाचा. अन् रविवारी माझं काम कसं झालं होतं? एकदम मनासारखं! खालच्या पट्टीवर नंबर असा खोल अन् सुबक ठोकला होता, का आंधळ्याले बी बोटानं वाचता आला असता.

उस्तादानं नंबर वाचला. मंग माझ्या खिशावर लटकलेल्या पितळी बिल्ल्यावरचा तोच नंबर वाचला. ते बिल्ले आमी तेव्हा बाजारात बी ऐटीत लावून फिरत होतो.

अन् मामाजी, देव माणूस हो, जवायाची इज्जत वाचवाले पुढं झाले. "उस्तादजी, वो ऐसा है... इनके कारखाने में एक नंबर दो-दो आदमी को मिलता है."

उस्तादानं बंदूक बाजूले ठेवली. मंग हात जोडून म्हणे, "तो भैया, उस दूसरे वाले से कह देना, माप उसका बाल बराबर सही था। बस अगली बार नापने से पहले किसी से पूछ ले।"

मी बिल्ला काढून खिशात टाकला अन् म्हटलं, "सांगतो जी. उद्या ड्युटीवर भेटनच मले."