डच दर्यावर्दीची आठवण

आम्ही कोकणातले ज्यू आमच्या नव्या देशात येऊन राहिलो, आणि तिथे अश्दोदचं बंदर बांधत होते तेव्हा मी कामाला होतो. गाळ उपसणाऱ्या बोटीवरच्या डच लोकांनी एकदा आपल्या जुन्या दर्यावर्दीच्या स्मरणार्थ समारंभ केला. त्याने दूरचा एक देश शोधला, त्याला म्हणे सव्वातीनशे वर्षं होत आली. भाषणं उगाच लांबली. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून आईने घरून पोहे, गूळ, खोबरं घालून मलिदा करून आणला होता. कप्तानाने बशी घेतली आणि आम्हाला नकाशा दाखवला.

आईने मला इंग्रजीत विचारायला लावलं, "तिथे आधी माणसं होती?"

"होती."

"त्यांनी याला जेवायला घातलं?"

"नाही. याचे चार खलाशी मारले. हा न उतरताच पुढे गेला."

"मग शोधलं काय, डोंबल!" आई मराठीत म्हणाली. ते मी कप्तानाला सांगितलं नाही.

परतताना मी फुशारकीने म्हटलं, "आपले पूर्वज तरी गलबत फुटल्यावर कोकणच्या किनाऱ्याला लागले, तिथेच राहिले. बुडालेल्यांच्या कबरींवर नवगावला लोक अजून जातात."

"जातात ना," आई म्हणाली. "आणि वाचलेल्यांना ज्यांनी पेज पाजली, त्यांची आठवण कोण काढतं?"