रेनेरिओची टाच आणि सान लाझारोचा नवस

रेनेरिओनं उभा जन्म सांतियागो दे लास वेगास गावच्या चौकात लोकांची डोकी भादरली आणि स्वतःच्या मधुमेहाला कधी भीक घातली नाही. आजारानं शेवटी त्याची टाच धरली. जखम चिघळत पेल्याच्या तोंडाएवढी झाली. सर्जन पाय कापायची भाषा करू लागला, तेव्हा घाबरून हा सान लाझारो या संताला नवस बोलून बसला: पाय राहिला तर तुझ्या देवळापर्यंत अनवाणी येईन.

मग दवाखान्यातली नर्स मिरेलिस जखम भरायच्या औषधाची सुई घेऊन आली. जखमेच्या कडेनं टोचायला लागली की रेनेरिओ अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा.

"आई गं! पोरी, हे औषध आहे की शिक्षा?"

"निरोप आहे, काका. शरीर पेशींना 'वाढा' म्हणून निरोप देत असतं. तुमच्या टाचेत तो पोचत नाही, म्हणून मी नेऊन देते."

"मग दे की दुप्पट!"

"आणि एखाद्या गाठीनं ऐकला तर? कॅन्सरही त्याच निरोपावर पोसला जातो. उगाच नाही आधी तुमची छाती-पोट तपासलं."

हळूहळू लाल मांस भरलं, कडा जवळ आल्या, हिवाळ्याच्या तोंडावर कातडी धरली. रेनेरिओ मिरेलिसचे हात धरून रडला आणि त्याची त्याला मुळीच लाज वाटली नाही.

डिसेंबरात, संताच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी, त्यानं बूट काढले. बायको ओडालिस चवताळली.

"डोकं फिरलंय का म्हाताऱ्या? काच घुसली तर पुन्हा चिघळेल तुझा पाय!"

"शब्द दिलाय. संताला फसवू?"

"मूर्तीत बघ, संत स्वतः कुबड्यांवर चालतो. पाय म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे." तिनं आपल्याच चपला काढल्या. "घाल बूट. मी चालते."

रस्ताभर ती खडीवरून चालली. रेनेरिओ बूट घालून मागे, हातात जांभळी मेणबत्ती. देवळात त्यानं ती मिरेलिसच्या नावानं लावली. संताला म्हणायचं ठरवलेलं मात्र एक अक्षर आठवेना.

घरी आल्यावर त्यानं परातीत कोमट पाणी घेतलं, कण्हत जमिनीवर बसला आणि ओडालिसचे पाय धुऊन मांडीवर घेतले. तळव्यांना फोड आले होते.

"तिथं बोलताच आलं नाही," तो म्हणाला. "तुझे उपकार कसे फेडू गं?"

"आधी नीट पूस," ती म्हणाली. "बोटांच्या मधूनही."

त्यानं एकेक बोट पुसलं.