मगमॅडम आणि शेजारची रिकामी सीट

कंपनीतल्या समुपदेशक मॅडम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं, सांगू? कडक इस्त्रीची कॉटनची साडी, हळू आवाज, टेबलावर टिश्यूचा डबा आणि भिंतीवर सूर्योदयाचं पोस्टर. बरोबर ना? पुढचंही सांगतो. एक दुःखी कामगार येणार, मॅडम एकच भारी वाक्य बोलणार, त्याचे डोळे उघडणार आणि तो हसत हसत घरी जाणार. तसलं काही हवं असेल तर इथंच उतरून घ्या राव. आमची कंपनीची बस तशीही तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये उभीच आहे.

आमच्या मॅडमच्या वडिलांचा थेरगावात भाजीचा गाळा होता. लहानपणी मेथीच्या जुड्या ओरडून विकल्या, त्यात गळा जो तापला तो तापलाच. त्या कुजबुजल्या तरी आमचा ड्रायव्हर अण्णा दचकून ब्रेक दाबायचा. आणि एवढ्या दणदणीत आवाजात त्या दिवसभर जवळजवळ एकच शब्द बोलायच्या. "मग?" बायको माहेरी गेली, मॅडम. "मग?" सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलतो. "मग?" घरी जावंसंच वाटत नाही. "मग?"

त्यांना मगमॅडम हे नाव मीच पाडलं. मी वेल्ड शॉपमधला ट्रेनी. करमाळ्याच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून निम्मी दहावी वर्गाबाहेर काढलेला. इथं आल्यावर सुपरवायझर, अण्णा, कॅन्टीनचा करकरणारा पंखा, सगळ्यांचे आवाज बसवले. मॅडमचं 'मग' शेवटाला जरा वर जायचं, जसं कुणी दार अर्धं उघडून धरावं. ते जमल्यावर मी त्यांच्यासमोरच काढून दाखवलं. वाटलं, आता काही आपली खैर नाही. पण त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या आणि म्हणाल्या, "नकल्या, मी आजारी पडले तर तूच बस माझ्या जागी."

कंपनीनं त्यांना आणलं होतं ते आमच्या शॉपमध्ये रोबोट येणार होते म्हणून. बदलासाठी माणसांची मनं तयार करायची, असं त्यांचं काम नोटीस बोर्डावर छापलं होतं. महाळुंग्यातल्या प्लांटमध्ये त्यांना काचेची केबिन मिळाली. पण काचेच्या केबिनमध्ये कोण जाणार? जो जाईल त्याला कॅन्टीनमध्ये हाळी, "काय भावा, नट ढिला झाला का?" त्यामुळे मॅडम दिवसभर एकट्याच काचेत बसलेल्या दिसायच्या, दुकानातल्या मिठाईसारख्या. थोडे दिवस वाट पाहिली आणि मग त्या सरळ कामगारांच्या बसनं यायला-जायला लागल्या. ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट, खिडकीची जागा त्यांची. शेजारची रिकामी. ज्याला बोलायचंय त्यानं तिथं बसायचं.

"पुरुष माणूस समोरासमोर बसला की शर्टाची बटणं मोजतो," त्या म्हणायच्या. "शेजारी बसवून पुढं ट्रकचा मागचा पत्रा दाखवा, बरोबर बोलतो." खरं होतं ते. निगडीपर्यंत हवापाण्याच्या गप्पा आणि ट्रॅफिक लागला की माणूस मोकळा. आख्ख्या चाकण पट्ट्यात जॅम लागला म्हणून खूश होणारी आमची एकच बस असेल.

आता बस म्हटल्यावर सगळ्यांना सगळं ऐकू येणार. त्यात मॅडमचा आवाज तसला. म्हणून आपोआप एक रीत पडली. कुणी त्या सीटवर बसलं की बाकीच्यांनी कानात हेडफोन घालायचे. गाणं लावायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काहींच्या हेडफोनची पिन खिशातच लोंबत असायची, पण कानात बोंडं असली की बोलणाऱ्याला धीर येतो. मी स्वतः कितीतरी जणांची दुःखं बॅटरी संपलेल्या मोबाइलवर ऐकली आहेत.

एकदा मी मस्करी म्हणून तिथं बसलो. गळा दाटल्याचं नाटक करून म्हणालो, "मॅडम, ती मला सोडून गेली."

"मग?"

"मग काय, आता जगून काय करू?" पाठीमागं पोरं खिदळत होती.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झकास करतोस. पण सगळ्यांचे आवाज काढतोस, तुझा स्वतःचा कुठला रे?"

मी सुपरवायझरच्या आवाजात म्हणालो, "तो क्वालिटीत रिजेक्ट झाला, मॅडम." बस हसली. मॅडम नुसत्या थांबल्या, पुढं बघत. आणि थांबलेल्या माणसापुढं किती वेळ विनोद करणार? आकुर्डीपर्यंत मी गप्प बसलो होतो. तिथं उतरणारी पोरं म्हणाली, "काय रे, आजारी आहेस का?"

मॅडमला एकाच वाक्याचा राग होता. "टेन्शन नको घेऊ, होईल सगळं नीट." आपल्याकडं हे वाक्य चहासारखं ज्याला त्याला देतात. मॅडम म्हणायच्या, "हे म्हणजे समोरचा उंबऱ्यावर उभा असताना दार लावून घेणं." पाण्याच्या बाटलीचंही तेच. कुणी रडायला लागलं की आपण आधी पाणी पुढं करतो. "त्याला काय तहान लागलीय? आपल्याला बघवत नाही, म्हणून त्याचं तोंड बंद करायचं," असं त्या म्हणायच्या. अण्णानं एकदा आरशात बघून कुणाला तरी "टेन्शन नका घेऊ" म्हटलं, तर त्याला असं झापलं की तो पुढचा सिग्नल लाल असताना सुटला.

आणि मग नाना त्या सीटवर बसायला लागले.

नाना आमच्या लाइनवरचे सगळ्यांत जुने वेल्डर. मूळचे महाळुंग्याचेच. कंपन्या आल्या तेव्हा घरची जमीन गेली आणि तिच्या बदल्यात नानांना नोकरी लागली. आमचं वेल्ड शॉप उभं आहे ते त्यांच्याच शेतावर. "माझी मशीन हाय ना, तितं आमचा ज्वारीचा तुकडा व्हता," असं ते नवीन पोरांना सांगायचे. पार्किंगच्या कडेला एक जांभूळ तेवढं राहिलं होतं, त्यांच्या वडलांनी लावलेलं. त्याच्याखाली बसून ते डबा खायचे. मुलानं आकुर्डीत फ्लॅट घेतल्यावर नाना तिकडं राहायला गेले आणि रोज बसनं आपल्याच गावात कामाला यायला लागले.

त्यांच्याच जागेवर रोबोट बसणार होता. त्याच्याभोवतीचा पिवळा जाळीचा पिंजरा उभा राहिलाही होता. कंपनीनं नानांना सांगितलं, शनिवारपर्यंत स्वेच्छानिवृत्तीवर सही करा, नाहीतर गुजरातच्या प्लांटला जा. पन्नाशी उलटल्यावर गुजरात. आणि सही केली की गेटच्या बाहेर कायमचे.

पहिले काही दिवस नाना नुसते शेजारी बसले. डबा मांडीवर, नजर ट्रकवर. गुरुवारी ट्रॅफिक हललाच नाही, तेव्हा नाना बोलले. "मॅडम, तुमी शिकलेल्या. सही करू का नको, येवढंच सांगा."

"सही केली तर काय होईल, नाना?"

"भाईर."

"मग?"

"मग काय! आत जांभूळ हाय. बघायचं म्हनलं तर वॉचमनला इचारावं लागंल. आमच्याच रानात."

"आणि नाही केली तर?"

"तितं गुजरातेत कोन हाय माझं? जांभूळ तितंबी न्हाई." मग त्यांचा आवाज चढला. "तुमी सांगा की! हां म्हना, न्हाई म्हना. तुमी म्हनाल ते करतो मी."

अख्खी बस कानात बोंडं घालून श्वास रोखून बसली होती. मला वाटत होतं, सांगा की बाई एकदाचं! मॅडम म्हणाल्या, "नाही सांगता येत मला, नाना."

"मग बसता कशाला हितं?"

"तुम्ही एकट्यानं बसू नये म्हणून."

नाना हसले, वाईट हसले. "व्हय, ते मातर झालं," म्हणाले आणि पुन्हा ट्रककडं बघायला लागले.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत नाना जांभळाखाली दिसले. डबा उघडलेला, पण खात नव्हते. नंतर ते ऑफिसकडं गेले. आम्ही लाइनवर काम करत होतो, पण सगळ्यांचं लक्ष त्या दाराकडं. बाहेर आल्यावर ते शॉपला एक चक्कर मारून गेले, पूर्वी रानाच्या बांधावरून मारत असतील तशी. कुणी काही विचारलं नाही. माझ्याकडं सतराशे आवाज होते, त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

संध्याकाळी बसमध्ये ते मॅडमच्या शेजारी बसले नाहीत. पुढं अण्णाच्या बाजूला बसले. आकुर्डी आली तसे उठले, तिसऱ्या सीटपाशी थांबले आणि म्हणाले, "केली."

मॅडमनी तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता 'मग?' येणार. आलं नाही. तो एक शब्द ज्यांच्या जिभेवर कायम बसलेला असायचा, त्यांना तो सापडेना. नाना थोडा वेळ थांबले, मान हलवली आणि उतरून गेले. रिकामा डबा त्यांच्या हातात खुळखुळत होता. रिकामा म्हणजे काय, भाकरी कुत्र्याला घातली असणार.

महिन्याभरानं मॅडमचंही काम संपलं. रोबोट बसले, मनं तयार झाली असं कंपनीनं धरलं. आता त्या सीटवर क्वालिटीवाला एक जण बसतो आणि तोंड उघडं टाकून झोपतो. त्याचीही नक्कल मला येते, पण कुणी करायला सांगत नाही. रूमवर मात्र कधी कुणी शेजारी येऊन बसलं, नुसतंच मोबाइलकडं बघत, तर माझ्या तोंडून ते 'मग?' आपोआप निघतं. शेवट जरा वर जाणारं. पोरं आता त्याला हसत नाहीत.

पण त्या शनिवारचं सांगायचं राहिलं.

नाना उतरल्यावर बस पुढं निघाली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. शेजारची सीट रिकामी. मला काय झालं माहीत नाही, मी उठलो आणि जाऊन बसलो. त्यांच्याकडं बघितलं नाही. समोर एक सिमेंटचा ट्रक होता, त्याच्याकडं बघत त्यांच्याच आवाजात म्हणालो, "मग?"

पाठीमागं काहीतरी हललं. मी आरशात बघितलं. एकेक जण खिशातून हेडफोन काढून कानात घालत होता. अण्णाच्या कानात घालायला काही नव्हतं, तर त्यानं आपल्या बाजूची खिडकी उघडून हॉर्नचे आवाज आत घेतले.

आणि मॅडम बोलायला लागल्या. इतक्या हळू, की तो आवाज त्यांच्याकडं आहे हेच मला ठाऊक नव्हतं. "ओरडून सांगावं वाटत होतं रे, नका करू सही. पण मग गुजरातला कोण जाणार, मी? सही करा म्हटलं असतं, तर त्या झाडापासून त्यांना मीच उठवलं असतं. बघ ना, मला ठेवलंय कशाला? माणसाचं मन तयार करायला. बापानं लावलेलं झाड सोडायला कुणाचं मन कसं तयार करतात? मला नाही येत. कुणालाच येत नसणार. मी नुसती शेजारी..."

त्यांचा आवाज फुटला. आणि मला बघवेना राव. हात आपोआप बॅगेत गेला, बाटली बाहेर आली, आणि माझ्या स्वतःच्या, रिजेक्ट झालेल्या आवाजात मी म्हणालो, "टेन्शन नका घेऊ मॅडम. होईल सगळं नीट."

झालं! मेथीचा आवाज परत आला.

"ठेव ती बाटली! तहान कुणाला लागलीय, मला का तुला? इतके दिवस कानात ती बोंडं घालून काय ऐकलंस रे? काय नीट होणार आहे? नानांचं नीट होणार आहे? सांग की! इतकं सुंदर 'मग' म्हणालास, आणि लगेच दार लावून घेतलंस माझ्या तोंडावर?"

बसमधल्या सगळ्यांनी कानातली बोंडं काढली. डांगे चौकाचा स्टॉप आला, अण्णानं बस थांबवली, पण दार उघडायची त्याची हिंमत होईना. मॅडमनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळून, पहिल्यांदाच समोरासमोर बघत, म्हणाल्या,

"गाढवा, मी अजून बोलत होते."