दात न आलेली मुलगी

“पोरगी हाय का पोरगा, येवढं तरी सांगा,” सरूबाई म्हणाल्या. कन्नडजवळच्या गावाहून एसटीने उस्मानपुऱ्यातल्या आमच्या पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात येण्याची ही त्यांची तिसरी वेळ.

त्यांच्या मुलाने शेतातला बांध काढायला जेसीबी लावला होता. फुटक्या खापरांबरोबर तान्ह्या बाळाची हाडं निघाली. खापरं फार जुनी दिसत होती, म्हणून आम्हाला बोलावलं. पण चाळीस वर्षांपूर्वी सरूबाईंनीही त्याच बांधाला आपली तान्ही मुलगी पुरली होती.

“दात आले नव्हते, म्हणून जाळलं नाय,” त्या म्हणाल्या.

हाडांच्या नोंदीच्या माझ्या शीटवरही तेच लिहिलेलं होतं. दात अजून जबड्याच्या हाडातच.

कानाच्या आतलं हाड सगळ्यात घट्ट असतं. त्यात डीएनए टिकतो, म्हणून मी ते ड्रिल करून चिमूटभर पावडर लॅबला पाठवली. दुसरा तुकडा कार्बन डेटिंगला. हाडातला एक प्रकारचा कार्बन ठरावीक वेगाने कमी होत जातो, त्यावरून हाड किती जुनं ते कळतं.

सरांनी बजावलं होतं, “दोन्ही रिपोर्ट येईपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

न बोलणं मला जमतं. पण त्या दिवशी सकाळीच डीएनएचा मेल आला होता आणि सरूबाई समोर बसल्या होत्या.

“मुलगी आहे,” मी म्हणाले. पुढचं ‘पण किती जुनी ते अजून कळायचंय’ मी मनात इंग्रजीतून मराठीत जुळवत होते. तोवर त्या पिशवी उचलून उभ्या राहिल्या.

“माझी नंदाच ती.”

कार्बनचा रिपोर्ट नंतर आला. सुमारे तीन हजार वर्षं.

सांगायला मी शेतावर गेले. लिंबाखाली लहानसा खड्डा खणून तयार होता. शेजारी घडी घातलेलं नवं अंगडं.

“मोजण्यात चूक नाय ना झाली, बाई?”

“नाही, मावशी. दोनदा तपासलं.”

“मग माझी कुठंय?”

बांधाची माती ट्रॉल्या भरून रस्त्याच्या भरावाला गेली होती. ते मला माहीत होतं. त्यांच्या मुलालाही. तो पाण्याची मोटर बघायला म्हणून निघून गेला.

सरूबाईंनी अंगडं उचलून माझ्या हातात दिलं. “हिला तरी घाला. हिची बी आय असंलच की.”

हाडं ठेवायच्या आमच्या बॉक्समध्ये बाहेरचं कापड ठेवता येत नाही. सॅम्पल खराब होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. अंगडं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

रिपोर्ट ज्या क्रमाने येतात, त्या क्रमाने सांगायचे नसतात. आधी काळ सांगायचा. मुलगी की मुलगा, ते नंतर.