अंगठा पुढे

साचाखोलीत त्यांना सगळे काकूच म्हणत. खुद्द थोरले मालकही म्हणत, आणि ते तर काकूंपेक्षा वयाने मोठे होते. खोली लांबट, खिडक्या उंचावर, आणि ओल्या रबराचा आंबूस वास भिंतींत मुरलेला. काकूंच्या पदरालाही तो येई.

त्या खोलीत शार्क माशाच्या कातडीची नक्कल तयार होत असे. शार्कच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात आणि खवल्या-खवल्यावर रेघा. त्या रेघांमुळे पाणी अंगाशी भोवरे करत बसत नाही, सरळ मागे सरकतं. तसलेच रेघांचे पातळ तक्ते इथे ओतत आणि बोटींच्या पोटाला चिकटवत. बोट कमी तेलात जास्त पळे.

ओतकाम करीत मिस्त्री, म्हणजे काकूंचे यजमान. साच्यावरून रबर सोलून काढायचं काम काकूंचं. कोपरा धरायचा, हात खाली ठेवायचा आणि झोपलेल्या मुलावरची चादर काढावी तसं ओढत न्यायचं. मिस्त्रींनी एकदा हौसेने हात लावला आणि रबर टरकन फाटलं.

"संत्रं सोलताय का?" काकूंनी विचारलं.

"जन्मभर गुळगुळीत करायला शिकलो," मिस्त्री म्हणाले, "आता हे खरखरीत जपायचं म्हणजे हात ऐकत नाही."

सगळ्या तक्त्यांचा मूळ साचा एकच होता. त्याला 'थोरला' म्हणत. खऱ्या कातडीवर रबर ओतलं, त्या रबरात घट्ट होणारा रस ओतला आणि थोरला तयार झाला. कातडीच्या मात्र सोलताना चिंध्या झाल्या, म्हणजे दुसरा थोरला होणे नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी मिस्त्रींना धीर धरवला नाही. रबराचा कोपरा उचलून त्यांनी आतल्या अर्धवट घट्ट झालेल्या रसावर अंगठा टेकवला. तो रुतला.

"सुकलंय का बघत होतो," ते म्हणाले.

"मग, कळलं का?" काकू म्हणाल्या.

तेव्हापासून प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यात तो अंगठा उमटू लागला. साऱ्या खोलीला वर्तमानपत्र वाचून दाखवणारा माणूस, पण त्याचं नाव पडलं 'अंगठेबहाद्दर'. सर्वांत जास्त मिस्त्रीच हसत. पुढे एका बोटीला तक्ते उलटे चिकटले. शार्कला शेपटीकडून डोक्याकडे कुरवाळलं तर कातडी हाताला ओरबाडते. ती बोटही तशीच पाण्याशी भांडत चालली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की अंगठा नेहमी डोक्याच्या बाजूला असतो. झालं, तीच खूण ठरली. "अंगठा पुढे!" अशी हाक देऊनच तक्ता उचलायचा. चिकटवून झाला की तो कोपरा कापून टाकत.

मिस्त्री गेले, तरी हाक राहिली. दिवसातून कितीतरी वेळा काकूंच्या कानावर पडे. सोलायला सुरुवातही त्या त्याच कोपऱ्यापासून करीत. कोणाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

मग धातूचा रूळ आला. त्यावर रेघा कोरलेल्या होत्या, कापडासारखे तक्ते सरसर बाहेर येत आणि पाठीवर बाण छापलेला असे. थोरल्या मालकांची मुलगी आता कारखाना बघत होती. तिने काकूंना बोलावलं.

"काकू, थोरला आता फोडावा लागेल. बाहेर गेला तर कोणीही त्यावरून नक्कल करील."

"मला घरी न्यायला नाही का देता येणार?"

मुलीने मान खाली घातली. "तुमच्यावर का विश्वास नाही? पण आपण एकही जुना साचा ठेवला नाही. बाबांचाच नियम."

"नियम बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "कितीतरी मीच फोडलेत. हाही मीच फोडते."

दुपारचा डबा त्यांनी उघडलाच नाही. गोणपाट अंथरलं, हातोडी घेतली आणि शेपटीच्या बाजूने सुरुवात केली. तुकडे बारीक करत करत त्या अंगठ्यापाशी आल्या आणि हात तिथेच थांबला. मालकांची मुलगी दारात उभी होती.

"बाई, एक विचारू? चोर आला तर यातलं काय नेईल?"

"खवल्यांची नक्षी. दुसरं काय?"

"मग इथे बोट फिरवून बघा."

तिने फिरवलं. अंगठ्याखाली सगळे खवले चेपून सपाट झाले होते.

"इथे तर काहीच नाही, काकू."

"तेच म्हणते मी."

तिने स्वतः हातोडी घेऊन भोवतालच्या कडा उडवल्या आणि उरलेला सुपारीएवढा तुकडा काकूंच्या तळहातावर ठेवला.

"न्या. मिस्त्रीकाकांनी चोरालाही अंगठा दाखवला म्हणायचा."

घरी थोरल्या जाऊबाई भाजी निवडत बसल्या होत्या. "हा कसला खडा आणलास?"

"तुमच्या भाऊजींची सही आहे, ताई."

"त्यांना मेलं अक्षर लिहिता येत होतं ना चांगलं?" म्हणत त्यांनी बोट पुढे केलं.

"थांबा, सुकू दे," काकूंच्या तोंडून निघून गेलं. मग दोघी बराच वेळ हसल्या. हसता हसता जाऊबाईंनी डोळे पुसले.

तुकडा फळीवर ठेवला. जाऊबाईंनी तो नीट दिसावा म्हणून वळवला. काकूंनी पुन्हा फिरवला.

"अंगठा पुढे हवा."

"पुढे म्हणजे कुठे गं? फळी काय पोहणार आहे?"

काकूंनी जरा विचार केला. मग अंगठा दाराकडे करून ठेवला, जिथे मिस्त्री संध्याकाळी चपला काढत.