तारमास्तरचा फोन

बांध फुटला तेव्हा आम्ही पांडूच्या दुकानातून तारमास्तरला फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. कोजागिरीची भरती, भर दुपार. खाडीचं पाणी खाचरांत शिरत होतं आणि भात कापणीला आलेलं होतं. पांडूने परत नंबर फिरवला, कानाला लावला, ठेवला.

"एंगेज. काकी, तुजा दीर येवढा बोलतो तरी कुनाशी?"

"जगाशी," मी म्हणाले, आणि घमेलं घेऊन बांधावर गेले.

तारमास्तर म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. रोह्याच्या एका कंपनीत कारकून होता. कंपनी बंद पडल्यावरही तो गावात परतला नाही, रोह्याशेजारी वरशाला एका खोलीत राहिला. तिथे त्याने कॉम्प्युटर घेतला, फोनची तार त्याला जोडली आणि आपल्याकडची जी माणसं बाहेर गेली होती त्यांना पत्रं धाडायला लागला. मध्ये कोणी पोस्टमन नाही, तिकीट नाही. गावाने चेष्टेने तारमास्तर नाव ठेवलं. त्याला ते आवडलं.

माझे मालक वारल्यावर एकदा मी त्याच्याकडे गेले. कॉम्प्युटर फोनला लावला की मान दाबलेल्या कोंबडीसारखा ओरडायचा, आणि तो चालू असेपर्यंत फोन एंगेज. "गप बस, वयनी, कुवेत येतोय," तो म्हणाला. कुवेत आला. दोन ओळी होत्या. त्या त्याने मला मोठ्याने वाचून दाखवल्या, मग मनात वाचल्या, मग परत मोठ्याने वाचल्या. "बग, आता जगात कुनी एकटा नाय," म्हणाला. खोलीत कप एकच होता. आधी मी चहा प्यायले, मग विसळून त्याने घेतला.

त्याच्या पत्रांनी काही झालं नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या मोरीची, लाकडी दारं कुजली होती. गावाने अर्ज देऊन देऊन चपला झिजवल्या. मास्तरने कुवेत, अमेरिका, मुंबई सगळीकडे कळवलं. त्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात तालुक्याच्या साहेबाच्या कचेरीत पत्रांचा ढीग लावला. महिन्याभरात जीप आली. नवी दारं बसली. गावाने मास्तरला हार घातला. तो हार त्याच्या डोक्यात गेला.

पंचायत समितीची पोटनिवडणूक लागली तेव्हा तो उभा राहिला. मतदार यादीत त्याचं नाव अजून आमच्याच घरच्या पत्त्यावर होतं. खाडीला दगडी बांध घालायचा, एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते खरं होतं. मातीचा बांध गेला तर शेती गेली, आणि शेती गेली तर गाव गेलं, हे पोरालाही कळत होतं. त्याच्या समोर एक वीटभट्टीवाला होता. त्याला बोलता येत नव्हतं, पण मयत कुणाचंही असो, लाकडं घेऊन हा पुढे.

मी मास्तरला सांगितलं, "घराघरांत फिर. कुवेतवाल्याचं नाव आपल्या यादीत नाय."

"तो आयशीला फोन करंल ना. ती मत देईल."

"ती फोनवर व्हय म्हनंल. मत जो दारात आला त्याला देईल."

"वयनी, तू जुन्या काळातली," तो हसला. मी होतेच जुन्या काळातली. मतदारही होते.

मतदानाला आठवडा राहिला आणि बांध फुटला. आमच्याकडे बांध फुटला की घरटी एक माणूस चिखलात उतरतो. मी विधवा, मूलबाळ नाही, म्हणून माझ्या घरातून मीच उतरले. वीटभट्टीवाला ट्रकभर गोणी घेऊन आला आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. ओहोटी लागली तेव्हा भगदाड कसंबसं बुजलं होतं. भात गेलं होतं.

मास्तर संध्याकाळच्या एसटीने प्रचाराला आला. पँटला इस्त्री होती.

"कुठं होतास?" मी विचारलं.

"पत्रं पाठवत होतो. दगडी बांधासाठीच."

कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माणसं हातपाय धुवायला निघून गेली आणि तो बांधावर एकटा उभा राहिला.

निवडणुकीत तो पडला. आमच्या गावातली मतंही त्याला मिळाली नाहीत. मीही दिलं नाही, आणि ते त्याला तोंडावर सांगितलं. पाठीमागून बोलायची मला सवय नाही. मग त्याने विचारलं, "चिकल लय होता?"

"कमरेपर्यंत."

"तू उतरलीस?"

"मग आपल्या घरातून कोन उतरनार होतं?"

त्यानंतर तो घरी आला की ओट्यावरच बसायचा, आत यायचा नाही. बाहेरच्या सगळ्यांनी वाईट वाटल्याचं कळवलं होतं. ते कागद त्याने छापून आणले आणि मला वाचून दाखवले. चांगली लिहिणारी माणसं होती. भेटायला कोणी आलं नाही.

निवडून आलेला वीटभट्टीवालाही परत आमच्याकडे फिरकला नाही, तेही सांगते. खाऱ्या पाण्याने जमीन खारावली. लोक एकेक करून पेणला गेले, कोणी खांब गावी मुलीकडे. मास्तर मात्र दगडी बांधासाठी लिहीतच राहिला. पुढे दगडी बांध झाला. त्याच्या पत्रांमुळे झाला म्हणतात. मला माहीत नाही. झाला तेव्हा राखायला फारसं काही उरलं नव्हतं, आणि मास्तरही नव्हता. वरशाच्या खोलीत काविळीने गेला. पोटात पाणी झालं होतं, पण त्याने मला कळवलं नाही. जगाला कळवलं होतं की नाही, कोण जाणे.

बांध फुटला त्या दुपारी गावातलं एकही माणूस दगावलं नाही. बांधावर होतो ते सगळे जगलो. आज त्यातली गावात मी एकटी राहते.