न फोडलेली बाटली

निफाडकडच्या आमच्या गावात द्राक्षाच्या घडाचं औषध कधी चुकत नसे. मणी ज्वारीएवढा झाला की आम्हा बायकांची टोळी बागेत उतरायची आणि एकेक घड मगातल्या औषधात बुडवून काढायची. तो दिवस टळला तर मणी फुगत नाही, म्हणून तेव्हा सुट्टी मागायची सोय नव्हती. पोरांच्या लसीचा दिवस मात्र महिन्यातून एक बुधवार, तोही सकाळचा. नर्सबाई दुपारच्या आत पुढच्या गावाला जायच्या. म्हणजे बायका बागेत असण्याची नेमकी वेळ. हे ठरवणाऱ्याने जन्मात बाग पाहिली नसावी.

नव्वदीची सुरुवात असेल. थोरली नऊ महिन्यांची झाली तशी गोवराच्या लसीसाठी मी काम बुडवून तिला समाजमंदिरात नेलं. तिथे मी एकटीच, बाकीच्या साऱ्या बागेत. नर्सबाईंनी थंड पेटीतली बाटली दाखवली. एका बाटलीत चार-पाच पोरांची लस असते, फोडल्यावर उरलेली फेकावी लागते आणि वाया गेली की वरून विचारणा होते, म्हणून पुढच्या महिन्यात आणखी पोरं घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात मी जावेला ओढून नेलं. पोरं दोनच. बाटली तशीच परत गेली. लस वाया जाऊ नये याची एवढी काळजी, मग पोर वाया गेलं तर कोण कोणाला विचारणार होतं?

उन्हाळ्यात वस्तीवर गोवर आला. सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. त्यांचा मला राग येत नाही, त्यांच्या हाती तेवढंच होतं. पोरीचा ताप उतरेना, कान वाहू लागले, तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर मला झापलं, की तुम्हा अडाणी बायकांना वेळेवर लस द्यायला काय होतं.

"दोनदा नेली व्हती साहेब. बाटलीच फोडली नाय."

तोवर ते पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा. पोर वाचली, पण तिचा एक कान कायमचा गेला.

काही वर्षांनी पोलिओच्या थेंबांचे दिवस आले. आम्ही घरी सापडत नाही म्हटल्यावर पेटीवाल्या बाया थेट बागेत आल्या. धाकटा वेलीखाली झोळीत होता, त्याला उठवून थेंब पाजले, करंगळीला शाई लावली. थेंबांना माझी हरकत नव्हती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बागेची वाट यांना सापडत होती तर! गोवराची लसही अशीच आणा, असं मी म्हटलं. तसा आदेश नाही, ती बुधवारीच मिळेल, मुलं जमली तर, असं त्या म्हणाल्या.

झोळीजवळ उभ्या थोरलीने चांगला कान माझ्याकडे केला. "काय म्हनल्या गं, आई?"

"पोरं जमवा म्हनल्या," मी मोठ्याने सांगितलं. टोळीनेही ते ऐकलं.

त्या महिन्यातल्या लसीच्या बुधवारी सगळी टोळी पोरं कडेवर घेऊन समाजमंदिरात गेली. बागेचे मालक बांधावर ओरडत राहिले. नर्सबाईंनी बाटली फोडली, तेव्हा थोरली सगळ्यात पुढे उभी राहून बघत होती. तिच्या वेळीही टोळी अशीच आली असती, घड एक दिवस थांबले असते, तर तिला दोन्ही कानांनी ऐकू आलं असतं.